रुपेरी कुलूप, चार दिवस आणि दहा संपादनं

प्रश्न : ताई, मी वाईजवळच्या एका हायस्कूलला इतिहास शिकवतो. इंग्रजी विकिपीडियावर एका किल्ल्याच्या पानावरचं साल चुकलंय, ते दुरुस्त करायला गेलो तर 'एडिट' दिसेचना, वर कोपऱ्यात रुपेरी कुलूप. मग आमच्या शाळेवर लेख लिहायला घेतला, तोही थेट टाकता येईना. ओळखीचा एक जण म्हणतो, माझी तिथे मोठी पोस्ट आहे, 15 हजार द्या, सगळं करून देतो. हे हुद्दे नेमके असतात काय आणि आम्हाला मिळायचे कधी?

उत्तर : सर, आधी पैशाचं बोलते, एक रुपयाही देऊ नका. तिथे हुद्दा विकत मिळत नाही आणि पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं उघड सांगायलाच लागतं, लपवलं तर खातं ब्लॉक होऊ शकतं. 2015 मध्ये इंग्रजी विकिपीडियावर अशी एक टोळीच सापडली होती, लोकांकडून पैसे उकळून लेख टाकणारी, 381 खाती एकदम बंद केली गेली.

आता कुलपाचं. रुपेरी कुलूप म्हणजे ज्या पानावर सारखं कुणीतरी येऊन खोडसाळपणा करतं ते पान अगदी नवख्यांसाठी बंद ठेवलेलं असतं, बाकीच्यांना उघडंच. तुमचं खातं चार दिवसांचं झालं आणि तुमची दहा संपादनं, म्हणजे पानांत केलेले बदल, झाली की ते आपोआप उघडतं, कुणाला अर्ज नको की विनंती नको. नवा लेख थेट टाकायलाही इंग्रजीत हीच अट आहे, तोवर मसुदा करून तपासायला देता येतो. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, लॉगिन सगळीकडे एकच चालतं पण हिशोब प्रत्येक भाषेचा वेगळा, त्यामुळे मराठी विकिपीडियावर तुम्ही शंभर संपादनं केली असली तरी इंग्रजीत ती धरत नाहीत.

त्याच्या वरचं निळं कुलूप. जातींची पानं, वादातला इतिहास, अशा ठिकाणी ते बरेचदा दिसतं, तिथे 30 दिवस आणि 500 संपादनं लागतात. काही जण नुसते स्वल्पविराम टाकत आणि काढत 500 भरतात, पण प्रत्येक पानाचा 'इतिहास', म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद, सगळ्यांना दिसतो, लक्षात आलं की दिलेला हक्क काढूनही घेतात. मला हे योग्यच वाटतं.

आणि अॅडमिन, मराठीत प्रचालक, त्यांना पान पुसता येतं, कुलूप लावता येतं, कुणाला ब्लॉक करता येतं, पण अमुक साल बरोबर की तमुक हे ठरवायचा जास्तीचा अधिकार त्यांनाही नाही हो! तिथे संदर्भच चालतो. तो हुद्दा बाकीचे सदस्य जुनं काम बघून, सगळ्यांसमोर चर्चा करून देतात.

तुमच्या सालासाठी थांबायचीही गरज नाही. त्या पानाला जोडलेलं चर्चापान असतं, लेखाबद्दल बोलायचं, तिथे लिहा, 'अमुक ओळीत अमुक साल आहे, ते असं हवं' आणि पुढे पुस्तकाचं नाव, वर्ष, पान नंबर. नुसतं 'गॅझेटियरमध्ये आहे' म्हणून भागत नाही, साताऱ्याचं 1885 चं की नंतरचं, कुठलं पान, हे सगळं द्या आणि त्यावर अलीकडच्या इतिहासकाराचं पुस्तक मिळालं तर सोन्याहून पिवळं. ज्याच्याकडे हक्क आहे तो बघून बदल करतो.

शाळेच्या लेखाबद्दल मात्र स्पष्ट सांगते, शाळेबाहेरच्या कुणीतरी तिच्याबद्दल सविस्तर लिहून प्रसिद्ध केलेलं काही असेल तरच तो टिकेल, स्मरणिका किंवा शाळेची वेबसाईट पुरत नाही. मीही सुरुवातीला पेपरमधले दोन परिच्छेद जसेच्या तसे उतरवले होते, काही तासांत उडाले, फार राग आला होता. मग चर्चापानावर एका जुन्या सदस्याने कॉपीराइटचं नीट समजावून सांगितलं तेव्हा कळलं की चूक माझीच होती. तुम्ही आधी मराठी विकिपीडियाच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, हात बसवा, काही अडलं तर तिथल्या चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, विचारा, लोक उत्तर देतात.

प्रश्न : विकिपीडियावरच्या माझ्या सदस्यपानावर (माझ्या खात्याच्या पानावर) कुणीतरी बार्नस्टार लावलाय. याने माझे अधिकार वाढले का? (कॉलेज विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : नाही गं, अधिकार तेवढेच. बार्नस्टार ही शाबासकी, कुणीही कुणाला देऊ शकतं. इंग्रजीत काही जण वर्षं आणि संपादनं मोजून आपल्या पानावर पदव्याही लावतात, त्यानेही एक कुलूप उघडत नाही. पण तुझं काम कुणीतरी बसून वाचलंय, हे किती छान आहे! त्यांच्या चर्चापानावर जाऊन थँक्यू म्हण आणि जमलं तर विचार, अजून कुठल्या लेखाला हात लावू म्हणून.