संसार न सोडता संत फ्रान्सिसच्या वाटेने जगता येतं का? नाशिकमध्ये असं कोणी जगतं का?

तुम्ही विचारलंय की बायको-मुलं, नोकरी, घराचा हप्ता हे सगळं असताना असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मार्गाने जगता येतं का, त्यासाठी मठात जावं लागतं का आणि नाशिकमध्ये असं जगणारं कोणी आहे का. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की तुमच्या पत्नीला ही कल्पना फारशी पटलेली नाही. त्याबद्दल मी शेवटी लिहिणार आहे, कारण मला तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली.

जगता येतं. मी नाशिकरोडला राहते, अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघते. घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई आहेत. लग्नाआधी मुंबईत असताना मी प्रापंचिक फ्रान्सिस्कन संघात आले आणि तिथेच या वाटेने जगण्याचं आजन्म वचन दिलं. हा कॅथॉलिक ख्रिस्तसभेतला, संसारी माणसांचा संघ. शंभराहून जास्त देशांत तो आहे. इथे नाशिकला आम्ही मोजकीच माणसं आहोत. अधिकृत बंधुसंघ, म्हणजे संघाची स्थानिक शाखा, उभा करायचा तर आजन्म वचन दिलेले किमान 5 सभासद लागतात, आम्ही अजून तिथवर पोचलेलो नाही. पण बैठक नेमाने होते.

थोडा इतिहास सांगते, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. फ्रान्सिस इटलीतल्या असिसी गावच्या, कापडाच्या मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्या पहिल्या सोबत्यांना पोप तिसरे इनोसंट यांनी 1209 मध्ये तोंडी मान्यता दिली. 1212 मध्ये असिसीचीच क्लारा ही तरुणी आली, तिच्यामागे इतर स्त्रिया आल्या. पण त्याचं बोलणं ऐकून भारावणाऱ्या माणसांत लग्न झालेली, दुकान चालवणारी, शेती करणारीच जास्त होती. ती सगळी उठून मठात गेली असती तर त्यांची घरं उघड्यावर पडली असती. अशा लोकांसाठी 1221 मध्ये एक नियमावली तयार झाली. त्यात काय होतं बघा. न रंगवलेलं, स्वस्तातलं कापड वापरायचं. शस्त्र हातात घ्यायचं नाही. ऊठसूट शपथा घ्यायच्या नाहीत. शेजाऱ्याशी भांडण असेल तर मिटवायचं. दुसऱ्याचं काही दाबून ठेवलं असेल तर परत करायचं. महिन्यातून एकदा सगळ्यांनी जमायचं आणि प्रत्येकाने खजिनदाराकडे एक साधं नाणं द्यायचं. त्या पैशातून गरीब आणि आजारी सभासदांना मदत करायची, आणि आजारी माणसाला आठवड्यातून एकदा जाऊन भेटायचं.

मला हे सगळं फार जवळचं वाटतं. कपडा, पैसा, भांडण, आजारपण, म्हणजे आपल्या घरातल्याच गोष्टी. शस्त्राचा नियमही तेव्हा काही साधा नव्हता. इटलीतली शहरं एकमेकांशी सतत लढायची. फ्रान्सिस स्वतः तरुणपणी शेजारच्या पेरूजा शहराविरुद्धच्या लढाईत पकडला जाऊन कैदेत पडला होता. अशा काळात सामान्य विणकराने किंवा वाण्याने ‘मी शस्त्र उचलणार नाही’ म्हणणं ही केवढी हिंमत! पुढे 1289 मध्ये पोप चौथे निकोलस, 1883 मध्ये तेरावे लिओ आणि 24 जून 1978 रोजी सहावे पॉल यांनी नियमावली नव्याने दिली. आज चालते ती 1978 ची. तिचा गाभा एवढाच की शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा आणि शिकवणीचा भाग, वाचायचं आणि जगण्यात आणायचं, आणि जगण्यातले प्रश्न घेऊन पुन्हा शुभवर्तमानाकडे यायचं.

माझ्या ऑफिसातल्या लोकांना हे समजावताना मी वारकऱ्यांचं उदाहरण देते. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीला पौष वद्य एकादशीला ज्या दिंड्या येतात, त्यांतली बहुतेक माणसं शेती-संसार करणारी असतात. गळ्यात माळ घातली म्हणून घर सुटत नाही, पण घरातलं वागणं बदलतं, खाणंपिणं बदलतं, जोडीला माणसं मिळतात. आमचं अगदी तसंच आहे असं मी म्हणणार नाही. श्रद्धा वेगळी, रीत वेगळी. पण प्रपंचात राहूनच देवाचं व्हायचं हे नाशिककराला नव्याने शिकवावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. संत फ्रान्सिस म्हटलं की लोकांना पक्ष्यांशी बोलणारा, झाडाफुलांवर प्रेम करणारा संत आठवतो. ते खरंच आहे. 1225 च्या सुमारास, डोळे जवळपास गेलेले असताना, त्याने सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारं स्तोत्र रचलं. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये पर्यावरणावरचं परिपत्रक लिहिलं तेव्हा त्याचं नावही याच स्तोत्रातून घेतलं. विसर्जनानंतर गोदाघाटावर निर्माल्य गोळा करायला आमच्यातले काही जण जातात. पण नव्याने येणारा माणूस फक्त निसर्गासाठी किंवा फक्त समाजसेवेसाठी आला असेल तर मी त्याला सांगते, आधी काही महिने नुसता बैठकीला येऊन बस. सेवा एकट्यानेही करता येते, पण भाऊ-बहीण एकट्याने होता येत नाही. फ्रान्सिसने आपल्या मृत्युपत्रात लिहिलंय की प्रभूने त्याला भाऊ दिले. ते त्याने निवडलेले नव्हते. न निवडलेल्या माणसांबरोबर टिकून राहणं हाच या मार्गाचा अवघड भाग आहे, आणि माझ्या मते त्याचं सत्त्वही तेच.

आमची बैठक बहुतेक वेळा जेलरोडच्या एका दोन खोल्यांच्या घरात भरते. आधी शुभवर्तमानातला उतारा वाचतो, मग थोडा वेळ शांत बसतो आणि नंतर ज्याला जे वाटतं ते तो बोलतो. भाषण कोणी करत नाही. मग एक पाकीट फिरतं. कोणी किती टाकलं हे कोणी बघत नाही, रिकामंच पुढे दिलं तरी चालतं. शेवटी कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाकडे कोणी जायचं हे ठरतं. 1221 च्या त्या कागदावरची बैठक थोड्याफार फरकाने हीच आहे. आमच्यात एक रिक्षा चालवणारे दादा आहेत, प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत, घरकाम करणारी एक ताई आहे, एक कॉलेजातल्या मॅडम आहेत. मध्यंतरी यांतल्या दोघांचं उसन्या पैशावरून इतकं बिनसलं की दोघं एकमेकांकडे बघेनात. दोघांनीही ‘मी येत नाही’ म्हणून सांगितलं. आम्ही कोणाची बाजू घेतली नाही, पण दोघांच्या घरी जात राहिलो. पैसे हप्त्याने फिटले. बोलणं सुरू व्हायला त्याहून जास्त वेळ लागला. कुठल्याही रक्तदान शिबिरापेक्षा ते काम मला मोठं वाटतं.

सेवेचं म्हणाल तर आमचं मुख्य काम एका सरकारी रुग्णालयात असतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून माणसं येतात. शहराची सवय नसते, त्यात कागदांचा गोंधळ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात, पण रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की माणूस तिथेच अडतो. आमचे प्रेसवाले काका अशा माणसाजवळ जिन्याच्या पायरीवर बसतात. आधी गाव विचारतात, पाऊस कसा आहे विचारतात, मग कागद हातात घेतात. शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं असतात, एक स्वतःला आणि एक समोरच्याला. अर्ज ते लिहून देत नाहीत, तो माणूस लिहू शकत असेल तर त्याच्याकडूनच लिहून घेतात, मग कितीही वेळ लागो. नंतर आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलापर्यंत बरोबर जातात आणि तिथे मागे उभे राहतात, बोलू त्यालाच देतात. मी हे पाहिलं तेव्हा मला फ्रान्सिस आणि कुष्ठरोगी आठवले. त्याच्या मृत्युपत्राची सुरुवातच तिथून होते. आधी ज्यांच्याकडे बघवत नव्हतं, त्यांच्यात प्रभू त्याला घेऊन गेला आणि जे कडू होतं ते गोड झालं. उपकार करणारा वरून हात खाली करतो. इथे खाली बसून शेजारी व्हायचं असतं.

तुमच्या मनात येईल म्हणून आधीच सांगते. रुग्णालयात आम्ही धर्माचं बोलत नाही, पत्रकं वाटत नाही, कोणाला चर्चला बोलवत नाही. हे काही आजकालचं वातावरण बघून ठरवलेलं नाही. 1219 मध्ये ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात धर्मयुद्ध (क्रुसेड) चालू असताना फ्रान्सिस निःशस्त्र सुलतान अल-कामिलला भेटायला इजिप्तमध्ये गेला. त्यानंतर 1221 मध्येच, पण आपल्या सोबतच्या बंधूंसाठीच्या वेगळ्या नियमात, त्याने लिहून दिलं की मुसलमानांमध्ये राहताना वादविवाद करू नका, देवासाठी प्रत्येक माणसाच्या अधीन राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत हे लपवू नका. आम्ही तेच करतो. कोणी विचारलं तर सांगतो.

ज्याच्यावर कोणी फारसं बोलत नाही तो भाग म्हणजे रोजची नोकरी. माझ्या टेबलावर छोट्या जॉबवर्कवाल्यांची बिलं येतात, लेथवाले, पावडर कोटिंगवाले, गाळ्यात दोन माणसं घेऊन काम करणारे. कायद्याने लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. प्रत्यक्षात मोठी बिलं पुढे सरकतात आणि यांची तळाला जातात, कारण यांचा फोन कोणी मनावर घेत नाही. माझ्या हातात फार काही नाही. पण ढीग कोणत्या क्रमाने लावायचा हे माझ्या हातात आहे, आणि साहेबांना तारीख दाखवून सही घेणंही. दुसऱ्याचं दाबून ठेवलेलं परत करा, या जुन्या नियमाचा मला लागू पडणारा अर्थ हाच. तुमची नोकरी काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिथेही असा ढीग असणारच. मठ तिथेच आहे म्हणा ना.

आपल्या मातीतलंही एक नाव सांगते. वसईचे संत गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जपानमध्ये आधी व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाले. धर्मगुरू ते कधीच नव्हते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला 26 जणांना क्रुसावर मारलं, त्यांत ते होते, आणि त्याच 26 मध्ये 17 सामान्य प्रापंचिक माणसं होती. सुतार, स्वयंपाकी, अगदी लहान मुलंसुद्धा. गोन्सालोंचं नाव सगळे घेतात. त्या 17 जणांचीही आठवण ठेवली पाहिजे असं मला वाटतं.

आता प्रवेशाचं. संघात यायला कॅथॉलिक असावं लागतं. आधी ओळखीचा काळ, मग किमान एक वर्ष प्रशिक्षण आणि त्यानंतर वचन. गरिबी-ब्रह्मचर्याची व्रतं नसतात. पगार तुमचाच, घर तुमचंच, फक्त गरज आणि हौस यांतला फरक दर महिन्याला स्वतःला विचारत राहायचा. बहुधा फ्रान्सिस्कन धर्मगुरूंपैकी कोणीतरी आध्यात्मिक मार्गदर्शक असतो, पण कारभार प्रापंचिकांकडे. प्रमुख दर 3 वर्षांनी मतदानाने निवडतात. सुरुवातीला तुमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चच्या, फादरांना विचारा, ते जवळच्या फ्रान्सिस्कन किंवा कपुचिन (हीही फ्रान्सिस्कनांचीच एक शाखा) फादरांशी गाठ घालून देतील. तुम्ही शरणपूरच्या बाजूचे, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे) असाल तर अँग्लिकन परंपरेतही संसारी माणसांसाठी फ्रान्सिस्कन तृतीय संघ आहे. ख्रिस्ती नसाल तरी रुग्णालयातल्या कामाला या. तिथे वचन लागत नाही, वेळ लागतो.

आणि आता तुमच्या पत्नीबद्दल. परंपरेप्रमाणे या संघातले सगळ्यात पहिले सभासद म्हणजे पोज्जीबोन्सीचे लुकेसियो आणि त्यांची पत्नी बोनादोन्ना. लुकेसियो धान्याचे व्यापारी होते, टंचाईची वाट बघत धान्य साठवणारे. मन बदललं तसे ते सगळं वाटून टाकू लागले आणि बोनादोन्ना संतापल्या. का संतापू नये? घर त्या चालवत होत्या. पुढे त्याही या कामात आल्या आणि 1260 मध्ये दोघांचं निधन एकाच दिवशी झालं असं सांगतात. पण आधीचा तो राग मला खरा आणि रास्त वाटतो. आजच्या नियमावलीतही म्हटलंय की फ्रान्सिस्कन शांती आणि निष्ठा आधी स्वतःच्या कुटुंबात जगायची. नवरा रविवारी परक्या माणसाला पेन देत बसलाय आणि घरात भाजी आणायची पडलीय, तर त्या घरात फ्रान्सिस आला असं मी तरी मानणार नाही.

म्हणून त्यांना काय पटत नाही ते नीट विचारा. पैशाची भीती आहे, वेळेची आहे, की तुम्ही दूर जाल याची? एखाद्या बैठकीला दोघं मिळून या. तिथे माझ्या नवऱ्याशीही बोलता येईल. तो संघात नाही, यायचा विचारही नाही, पण बैठक आमच्या घरी असली की चहा तोच करतो आणि पटत नाही ते तोंडावर सांगतो. तुमच्या पत्नीचं मन होईपर्यंत ओळखीच्या काळासाठीसुद्धा नाव देऊ नका.