ब्रह्मोस आणि ड्रोनच्या काळात फ्रिगेटचं काम काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रह्मोस क्षेपणास्त्र जमिनीवरूनही सुटतं आणि सुखोई विमानातूनही, ड्रोन तर स्वस्तात मिळतात, मग आयएनएस निलगिरीसारखी प्रचंड खर्चाची फ्रिगेट (इतर जहाजांचं रक्षण करणारी युद्धनौका) कशाला बांधायची? आणि विनाशिकेपेक्षा, म्हणजे डिस्ट्रॉयरपेक्षा, ती वेगळी कशी?

मी नौदलातला नाही. माझी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली, त्यामुळे फ्रिगेट मी पाहिली ती ज्याचं रक्षण व्हायचं त्या जहाजावरून. उत्तरात तो कल दिसणारच.

सोमाली चाच्यांचा जोर होता त्या काळात एडनच्या आखातातून जाताना आम्ही डेकच्या कडेने काटेरी तारा गुंडाळायचो, पाण्याचे होज रोखून ठेवायचो, आणि प्रसंग आलाच तर सगळ्यांनी कोंडून घ्यायची जागा तयार असायची. तिला सिटाडेल म्हणतात. माल भरलेलं, बारा नॉटने (तासाला बारा सागरी मैलांनी) चाललेलं जहाज पाण्यात खोल बसलेलं असतं, शिडी लावायला सोपं. तिथे सुमारे 490 सागरी मैलांचा एक मार्ग आखून दिलेला होता आणि त्यातून युद्धनौका जहाजांचे ताफे सोबत घेऊन जायच्या. भारतीय नौदलाने ही गस्त ऑक्टोबर 2008 मध्ये सुरू केली. पहिली गेली आयएनएस तबर, म्हणजे फ्रिगेटच.

याच तबरने त्या नोव्हेंबरमध्ये चाच्यांची एक मोठी बोट बुडवली. नंतर कळलं की ती त्यांनी पळवलेली थाई मासेमारी बोट होती आणि मूळचे खलाशी तिच्यावरच होते. म्हणजे जागेवर माणसं असली तरी चूक होतेच. पण फ्रिगेटवरून निदान हाक देता येते, इशाऱ्याचा गोळा टाकता येतो, हेलिकॉप्टर पाठवून बघता येतं, बोटीवर माणसं चढवून झडती घेता येते. मार्च 2025 च्या अखेरीस आयएनएस तरकशने पश्चिम हिंदी महासागरात अडीच हजार किलो अमली पदार्थ पकडले. जुलै 2024 मध्ये ओमानजवळ प्रेस्टिज फाल्कन हे तेलवाहू जहाज उलटलं, तेव्हा नऊ खलाशांना आयएनएस तेगने वाचवलं. दोन्ही फ्रिगेट. यातलं एकही काम किनाऱ्यावरच्या ब्रह्मोसचं नाही.

आता युद्धाचं. फ्रिगेटचं खरं कसब पाण्याखाली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी हे जुनं नाव पुन्हा वापरात आणलं तेच काफिल्यांना पाणबुड्यांपासून वाचवणाऱ्या नौकांसाठी. (शिडांच्या काळातली एक फ्रिगेट मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधली होती, 1817 ची ट्रिंकोमाली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. विषयांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

हे काम किती अवघड आहे ते आपण 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवसमोर पाहिलं. आयएनएस खुखरी ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट आयएनएस किरपाणसोबत पाकिस्तानी पाणबुडी हँगोरच्या शोधात होती, आणि हँगोरनेच तिला गाठलं. हँगोरच्या सोनारची, म्हणजे पाण्याखालच्या आवाजावरून नौका हेरणाऱ्या यंत्राची, पोच जास्त होती. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबरच गेले.

आपल्या समुद्रात अडचण अशी की वरचं पाणी उन्हाने तापतं आणि खालचं गार राहतं. त्या दोन थरांच्या सीमेवर आवाज वळतो, आणि खालच्या थरात दबून बसलेली पाणबुडी नौकेच्या तळाशी बसवलेल्या सोनारला नीट ऐकू येत नाही. म्हणून हेलिकॉप्टर हवं. ते पुढे जाऊन पाण्यावर स्थिर राहतं आणि केबलने सोनार थेट थराखाली सोडतं. निलगिरीवर हेलिकॉप्टर उतरवायचा डेक आहे तो यासाठी. तो डेक काढून टाकला तर नौकेची अर्धी किंमत गेली असं मी समजतो.

इंजिनांबद्दल मला बोलू द्या. निलगिरीला दोन डिझेल इंजिनं आणि दोन गॅस टर्बाइन आहेत, पण एका वेळी यातली एकच जोडी वापरतात. गस्तीला डिझेल, कारण ते इंधन पुरवून पुरवून खातं. पाठलागाला किंवा निसटायला टर्बाइन, मग नौका 28 नॉटपर्यंत जाते. टर्बाइन भयंकर इंधन पिते, पण बंद अवस्थेतून काही मिनिटांत पूर्ण जोरावर येते. आमच्या जहाजाचं मुख्य इंजिन सुरू करायचं तर आधी काही तास ते गरम करत बसावं लागायचं, त्यामुळे मला याचा हेवा वाटतो.

हवेतून येणाऱ्या धोक्याचं गणित कठीण आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे लाटांना चिकटून येणारं क्षेपणास्त्र नौकेच्या रडारला साधारण तीस किलोमीटरवर आल्यावरच दिसतं. ते ध्वनीपेक्षा कमी वेगाचं असलं तरी हातात दीड-पावणेदोन मिनिटं उरतात. म्हणून निलगिरीवर चारही दिशांना एकदम पाहणारं रडार आणि उभी सुटणारी 32 बराक क्षेपणास्त्रं आहेत. ड्रोनसाठी मात्र हा उपाय महाग पडतो. डिसेंबर 2023 मध्ये तांबड्या समुद्रात फ्रेंच फ्रिगेट लँग्डॉकने येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे ड्रोन महागडी अॅस्टर क्षेपणास्त्रं सोडून पाडले; पुढच्या मार्चमध्ये फ्रेंच नौदलाच्या हेलिकॉप्टरने एक ड्रोन चक्क मशीनगनने पाडला. त्यामुळे निलगिरीवरची 76 मिलिमीटरची तोफ जुनाट वाटली तरी ड्रोनसमोर मला तिचाच भरवसा जास्त वाटतो.

विनाशिकेशी फरक? पूर्वी तो आकारातच दिसायचा. आज निलगिरी सुमारे 6,670 टनांची आहे, आपल्या जुन्या राजपूत वर्गातल्या विनाशिकांपेक्षा जड. विशाखापट्टणम वर्गाची विनाशिका 7,400 टनांची, तिच्यावर 16 ब्रह्मोस, निलगिरीवर 8. विनाशिकेकडे मारा जास्त, वेग थोडा जास्त. बाकी कुणाला काय म्हणायचं ते ज्या त्या देशाचं नौदल ठरवतं. जर्मनी तर सात हजार टनांच्या नौकेलाही फ्रिगेटच म्हणते.

खर्चाबद्दल शेवटचं. निलगिरी माझगाव गोदीत बांधली आणि 15 जानेवारी 2025 ला मुंबईत नौदलात दाखल झाली. या वर्गात एकूण सात नौका, चार माझगावच्या आणि तीन कोलकात्याच्या. सात ऐकायला बऱ्या वाटतात, पण कुठल्याही नौदलात काही नौका दुरुस्तीला असतात, काही सरावात, आणि उरलेल्याच प्रत्यक्ष समुद्रावर. शिवाय अपघात असतातच: जुलै 2024 मध्ये आयएनएस ब्रह्मपुत्रा मुंबईच्या गोदीत दुरुस्ती चालू असताना आग लागून एका बाजूला कलंडली. म्हणजे सातांपैकी एका वेळी कामावर दोन-तीन धरा, आणि त्यांना अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही बघायचे आहेत.