गिझर नाही, गॅस नाही, मग गरम पाणी येतं कुठून?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीसाठी हेलसिंकीला गेलीय. फ्लॅटमध्ये गिझर नाही, गॅसही नाही, तरी नळाला चोवीस तास कढत पाणी, आणि बाहेर उणे पंधरा असताना ही घरात टी-शर्टवर! हे सगळं विजेवर चालतं का? आणि खिडकीखालचा रेडिएटर वरून गरम पण खालून गार लागतो म्हणे, तो बिघडलाय का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी रेडिएटरचं सांगतो, तो अगदी ठणठणीत आहे. गरम पाणी आत शिरतं, खोलीला उष्णता देत देत खाली येईस्तोवर गार होतं, म्हणजे त्याने आपलं काम केलं. उलट खालीपण चटका बसला असता तर पाणी उष्णता न देताच परत चाललंय असं समजायचं.

आता गरम पाण्याचं. तिकडे १९५०च्या दशकापासून शहराखाली गरम पाण्याच्या पाइपांचं जाळं आहे, एक पाइप जायचा, एक परतीचा. थंडी जशी वाढेल तसं पाणी जास्त तापवून सोडतात, साधारण ६५ ते ११५ अंश, आणि शंभराच्या वर जाऊनही ते उकळत नाही कारण ते दाबाखाली असतं. हे पाणी तुमच्या मुलीच्या नळाला येत नाही बरं का, बिल्डिंगच्या तळघरात हीट एक्स्चेंजर असतो, पातळ पातळ पत्रे एकाला एक लावलेले, पत्र्याच्या एका बाजूने शहराचं पाणी आणि दुसऱ्या बाजूने बिल्डिंगचं, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. शहराच्या पाण्यात हिरवा रंग घातलेला असतो, कुठे गळती झाली की लगेच कळतं.

ही उष्णता आणतात कुठून, हा मला सगळ्यात आवडणारा भाग. तुम्ही नागपूरचे, कोराडीच्या वीज केंद्राचे कूलिंग टॉवर पाहिलेच असतील. कोळशातल्या उष्णतेची जेमतेम ३५-४० टक्केच वीज होते, बाकीची बरीचशी त्या टॉवरमधून आभाळात जाते. हेलसिंकीने तीच उरलेली उष्णता पाइपात घातली आणि इंधनाचा जवळजवळ ९० टक्के उपयोग करून घेतला. आपल्याकडे घरं तापवायची गरजच नाही त्यामुळे ती घेणार कोण, हा खरा प्रश्न आहे, आपल्या इंजिनियरांचा दोष नाही.

पण कोळसा तो कोळसाच. हेलसिंकीतलं हानासारीचं कोळशावरचं केंद्र २०२३ला बंद झालं, साल्मिसारीच्या केंद्रातला कोळसा २०२५ला थांबला. आता लाकूडफाटा, मोठे हीट पंप (कोमट पाण्यातली ऊब ओढून ती जास्त तापवून देणारी विजेवरची यंत्रं), आणि वारा भरपूर असून पवनचक्क्यांमुळे वीज स्वस्त झाली की इलेक्ट्रिक बॉयलर. म्हणजे सगळं नाही, पण थोडं विजेवर चालतं, तेवढा तुमचा अंदाज बरोबर आहे. मुस्तिक्कामा बेटाखाली पूर्वी तेल साठवायच्या गुहा होत्या, तिथे आता २,६०,००० घनमीटर गरम पाणी साठवतात, थंडीचा जोर वाढला की वापरायला. आणि ‘कात्री वाला’ नावाच्या पार्कखाली एक हीट पंप केंद्र आहे, ते शुद्ध केलेल्या सांडपाण्यातली ऊब काढून परत जाळ्यात सोडतं. अहो, मुलीने काल आंघोळ केली त्या पाण्याची ऊबसुद्धा अशी फिरून कुणाच्या तरी घरात येते!

तिला एवढं मात्र सांगा, रेडिएटरच्या व्हॉल्ववर थर्मोस्टॅट असतो, त्याच्यापुढे सोफा किंवा जाड पडदा नको. तिथे ऊब कोंडली की त्याला वाटतं खोली तापली, तो पाणी बंद करतो आणि खोली गारच राहते.