चुनखडीच्या कड्यावर सापडलेलं फुलझाड नवीन प्रजाती आहे का, हे फोटोंवरून ठरवता येतं का?

नाही.

तुम्ही लिहिलंय की कड्याच्या भेगेत जाड पानांचं, जांभळ्या फुलांचं रोपटं दिसलं, चाळीसेक फोटो काढले, अ‍ॅपवर काही जुळत नाही. नवीन निघालं तर स्वतःचं नाव देता येईल का, असंही विचारलंय. वरच्या एका शब्दावर मी थांबले असते. पण 'चाळीसेक फोटो' वाचलं आणि जुनी खपली निघाली.

माझ्याकडे ब्याऐंशी होते.

पावसाळा सरता सरता मी आणि आमचे एक सर चुनखडीच्या एका डोंगरात फिरत होतो. कडा वरून पुढे झुकलेला, त्यामुळे पाऊस थेट लागत नाही, पण आतून पाणी झिरपत राहतं. मातीचं नाव नाही, भेगेत साचलेला चिमूटभर गाळ तेवढा. त्यात कॅल्शियम उदंड. लोह आणि फॉस्फरस असले तरी मुळांच्या हाती सहजी लागत नाहीत. तिथेच कातळाला चिकटून पानांचे गुच्छ बसलेले आणि प्रत्येकातून दोन-तीन नळीसारखी फुलं खाली वाकलेली. मोजले, चौदा गुच्छ भरले.

सर म्हणाले, "एक उपट." मी म्हटलं, "सर, चौदाच आहेत." ते म्हणाले, "म्हणूनच उपट." मी नाही उपटलं, त्यांनाही हात लावू दिला नाही. शब्दाला शब्द वाढला आणि उतरताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या वयात मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं.

त्या झाडाच्या कुळावर आयुष्य घालवलेल्या एका तज्ज्ञांना मी फोटो पाठवले. उत्तरात तीनच प्रश्न आले. परागकण देणारे पुंकेसर दोन की चार? फळ सरळ की पिळलेलं? पुंकेसराच्या दांड्यावर लव आहे का? ब्याऐंशी फोटोंपैकी एकातही फुलाचा घसा उघडलेला नव्हता. फळ तर त्या दिवशी धरलंच नव्हतं. पान, रंग, आकार हे सगळं छान आलं होतं, पण त्याच गोष्टी सावलीत एक आणि उन्हात दुसऱ्या दिसतात. तेच झाड कोरड्या भेगेत खुरटलं की चांगली माणसंही फसतात.

पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा गेलो. कड्याचा तो पापुद्राच सुटून खाली आला होता. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवत भेग रुंद करत जातं. ज्या भेगेनं रोपाला जागा दिली तिनंच शिळा पाडली. रोपांच्या जागी पांढराशुभ्र ताजा व्रण होता. खालच्या दगडांत आम्ही दोन तास शोधलं.

आता ते झाड नवीन होतं की कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीच नाव दिलेलं, हे कधीच कळणार नाही. सर आजही चारचौघांत विचारतात, "तुझ्या दयेनं काय वाचलं गं?"

तर सर, हे वाचत असाल तर ऐका. मी चुकले, पण तुमचंही बरोबर नव्हतं. अख्खं रोप उपटायची गरजच नव्हती. एक पान, फुलांचा एक दांडा कागदात दाबून, एक फूल अल्कोहोलच्या बाटलीत, आणि फळासाठी महिन्या-दीड महिन्यानं दुसरी फेरी. पहिल्या फेरीतल्या नमुन्यावर होलोटाइप, म्हणजे नव्या नावाला आधार ठरणारा मूळ नमुना, होऊ शकतो. मूळ भेगेतच राहतं आणि झाड पुन्हा फुटायला मोकळं. तुमच्या पिढीला उपटल्याशिवाय संग्रह केल्यासारखं वाटतच नाही, ही तुमची खोड आहे, शास्त्र नव्हे.

मात्र नमुना लागतोच. २००७ पासून फुलझाडाच्या नव्या प्रजातीच्या नावाला नुसतं चित्र किंवा फोटो टाइप, म्हणजे नावाचा आधार, म्हणून चालत नाही. हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात) ठेवलेला खरा नमुना हवा. शिवाय वर्णन किंवा जवळच्या प्रजातींपासूनचं वेगळेपण प्रसिद्ध करावं लागतं. (पूर्वी हे लॅटिनमध्येच करावं लागे, २०१२ पासून इंग्रजीही चालतं.) त्याआधी हर्बेरियममधले जुने गठ्ठे उपसावे लागतात, कारण 'नवीन' झाड पुष्कळदा तिथेच पडून असतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोळा केल्यापासून पाच वर्षांत वर्णन झालेल्या प्रजाती फक्त १६ टक्के निघाल्या, आणि जवळपास चतुर्थांश प्रजातींचे नमुने पन्नासहून अधिक वर्षं जुने होते.

तुमचा संशय वेडगळ नाही, हेही सांगते. अशा झाडांना दोन डोंगरांमधला सपाट पट्टा म्हणजे समुद्रच, बी पलीकडे पोचत नाही. दक्षिण चीनच्या चुनखडीतला प्रिम्युलिना हा फुलझाडांचा गट घ्या. २०११ पर्यंत या नावाखाली एकच वनस्पती होती. मग किरिटा नावाच्या जुन्या गटाची फोड होऊन त्यातल्या पुष्कळ प्रजाती इकडे आल्या, आणि नवे शोध धरून आज आकडा दोनशेच्या वर आहे. त्यातल्या कित्येक एखाद्या टेकडीपुरत्या किंवा गुहेच्या तोंडापुरत्या आहेत.

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते. पान तोडण्याआधीसुद्धा त्या जागेचा जो कायदा असेल त्याप्रमाणे परवानगी घ्या. रोपं दोन-चारच असतील तर माझं वरचं सगळं विसरा आणि जाणकाराला जागेवर घेऊन जा. आणि ठिकाण कुठेही टाकू नका, फोटोतली जीपीएसची नोंदसुद्धा काढा. पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स या चुनखडीवरच्या ऑर्किडला १९९९ मध्ये नाव मिळालं आणि काही वर्षांतच विक्रीसाठी कडे ओरबाडले गेले.

स्वतःचं नाव देण्याबद्दल म्हणाल, तर नियम आडवा येत नाही. पण वनस्पतिशास्त्रात स्वतःच्याच हातानं स्वतःचं नाव देणाऱ्याला लोक हसतात.

तुम्ही जोडलेल्या दोन्ही फोटोंत फूल बाहेरूनच दिसतंय. परवानगी मिळाली की एक फूल उभं चिरा, शेजारी मोजपट्टी ठेवा, आतले पुंकेसर मोजा आणि तो फोटो इथे टाका.