‘द स्विमर’ (1968) या सिनेमातला नेड मेरिल शेवटी मेलेला असतो, की त्याला वेड लागलेलं असतं?

माझ्या मते दोन्ही नाही. घर, पैसा, बायको, मुली सगळं कधीच हातचं गेलंय आणि ते तो स्वतःशी कबूल करत नाही, हाच अर्थ सिनेमाला धरून आहे. अमेरिकेतल्या कनेटिकटच्या श्रीमंत उपनगरात एकेका घराच्या जलतरण तलावातून पोहत घरी जायचं, हा त्याचा हट्ट. तो भूत असता तर सार्वजनिक तलावावरचा प्रसंग जमलाच नसता. तिथे प्रवेशाचे पन्नास सेंट त्याच्याकडे नसतात, पाय धुऊन दाखवावे लागतात, आणि ओळखीचे दुकानदार थकलेल्या बिलांवरून तोंडावर सुनावतात. उधारी जिवंत माणसाकडेच मागतात! नेड झालेल्या बर्ट लँकेस्टरचा चेहरा तिथे बघा: त्याला सगळं आठवतंय, फक्त ऐकवत नाही. आधीच्या कोरड्या तलावात तो एका एकट्या मुलाला सांगतो, पुरेसं मनापासून खरं मानलं की ती गोष्ट आपल्यापुरती खरी होते. त्याच्या वागण्याची किल्ली तिथेच आहे. मात्र जॉन चीव्हरच्या मूळ कथेत (1964) एका दुपारीच पानं पिवळी पडतात, आकाशात शरदातली नक्षत्रं दिसतात. त्यामुळे कथा वाचून कोणी स्वप्नाचा किंवा मृत्यूचा अर्थ लावला, तर तो मला चूक वाटत नाही.