सोसायटीच्या गच्चीवरचं सोलर ग्रिडची फ्रिक्वेन्सी सांभाळतं का?

मुलुंडच्या सोसायटीत २० किलोवॅटचं सोलर बसवताय आणि 'याने ग्रिडची फ्रिक्वेन्सीही स्थिर राहते' असं विक्रेता म्हणतो, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी अकरा वर्षं सोलरचेच इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज ग्रिडला जुळेल अशी करून देणारी यंत्रं, बसवतोय. अर्धंच खरं आहे.

ग्रिड म्हणजे वीज वाहून नेणारं तारांचं जाळं, आणि फ्रिक्वेन्सी म्हणजे त्यातली वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते तो आकडा. आपली फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, आणि ती ४९.९० ते ५०.०५ मध्ये राखायची असते. मागणी वाढली की उतरते, वीज जास्त झाली की चढते. गच्चीवर इन्व्हर्टरच्या डिस्प्लेसमोर पाच मिनिटं उभे राहा: ४९.९६, ५०.०१, ४९.९८. देशाची ग्रिड एकच, त्यामुळे जवळपास हाच आकडा त्या क्षणी गुवाहाटीतही असतो. मला याचं अजून नवल वाटतं.

कोयनेची टर्बाइन्स जड जात्यासारखी असतात. हात काढला तरी थोडा वेळ फिरतात, तेवढ्यात सावरता येतं. पॅनलमध्ये फिरणारं काहीच नाही, पण इन्व्हर्टर चपळ असतो. फ्रिक्वेन्सी चढली की तो झटक्यात वीज कमी करू शकतो. उतरली तर मात्र जास्तीची आणणार कुठून? ऊन आहे तेवढी वीज तो देतोच आहे. त्यासाठी थोडी वीज मुद्दाम हातची राखावी लागते, नाहीतर बॅटरी लागते. मोठ्या प्रकल्पांना हे जमतं. सोसायटी आपली युनिट्स कशाला सोडेल?

सेटिंग चुकलं तर उलट धोकाच. जर्मनीत घरोघरचे इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झला एकदम बंद होतील असे लावले होते. सगळे एकाच क्षणी गेले तर ग्रिड कोसळेल हे उमगल्यावर लाखो ठिकाणी जाऊन ते बदलावं लागलं. म्हणून विक्रेत्याला एवढं नक्की विचारा: फ्रिक्वेन्सी वाढल्यावर तुमचा इन्व्हर्टर पटकन बंद होतो, की वीज हळूहळू उतरवतो?

अजून एक. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा मी दादरला एका गच्चीवर होतो. पॅनल तापलेले, इन्व्हर्टरवर लाल दिवा. लिफ्टमध्ये एक आजोबा अडकलेले आणि सेक्रेटरी मला म्हणतायत, "अहो, आपलं सोलर आहे ना?" ग्रिड गेली की साधा इन्व्हर्टर बंद पडतो, पडायलाच हवा, नाहीतर लाइनवर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. लिफ्ट चालू राहायला हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टरचं (ग्रिड गेल्यावर बॅटरीवर चालू राहणाऱ्या) कोटेशन आत्ताच मागा, आणि लिफ्टची मोटर किती एचपीची आहे ते त्यांना आधी सांगा.