मांडवीच्या पाण्यातली जनुकं वाचायची असतील तर

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. नदीच्या, सांडपाण्याच्या नमुन्यातला डीएनए वाचून औषधांना दाद न देणारे जीवाणू शोधायचे, या कामात तिला जायचंय. घरचे म्हणतात, वेर्ण्याला औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीत) लाग. यात पुढे काही आहे का? कॉम्प्युटर शिकावाच लागतो का?
– एक आई, डिचोली

नमस्कार ताई,

कॉम्प्युटर शिकावाच लागतो, आणि एम.एस्सी.ची वाट न बघता आताच. या कामाला मेटाजिनोमिक्स म्हणतात. जीवाणू प्लेटवर न वाढवता नमुन्यातला सगळा डीएनए एकत्र वाचायचा. इलुमिना या डीएनए वाचणाऱ्या मशीनमधून साधारण 150 अक्षरांचे कोट्यवधी तुकडे बाहेर पडतात. ते गाळायचे, मग 'कार्ड' किंवा 'रेसफाइंडर' या औषधरोधक जनुकांच्या संग्रहांशी जुळवायचे. लिनक्सच्या आज्ञा आणि थोडं पायथन किंवा आर आलं नाही तर मुलगी दुसऱ्याने काढलेल्या आकड्यांवर अवलंबून राहते. लॅपटॉप साधा असेल तरी अडत नाही. 'गॅलक्सी' हे असा डेटा तपासायचं साधन ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि जगभरच्या सांडपाण्याचा डेटा उतरवून घेता येतो. परीक्षेनंतरच्या सुट्टीत असे दोन नमुने सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिने स्वतः करून बघावेत.

पण कस लागतो तो पाण्याशी आणि गाळाशी. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून नदीचं लिटरभर पाणी बहुधा जातं, सांडपाणी मात्र 50–100 मिलिलिटरलाच तुंबतं. म्हणून किती पाणी गाळलं ते दर वेळी वहीत लिहायचं. खाजनातल्या (बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) किंवा खारफुटीतल्या गाळाचा डीएनए कित्येकदा किंचित तपकिरी दिसतो. तो रंग कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणाऱ्या ह्युमिक आम्लाचा. डीएनए किती शुद्ध आहे ते सांगणारं 260/230 चं गुणोत्तर एकच्या खाली येतं आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणं, होत नाही. नवख्याला वाटतं डीएनएच नाही. तोच नमुना दहापट पातळ करून लावला आणि जेलवर डीएनएची पट्टी उमटली, तर अडथळा आम्लाचा होता असं समजायचं.

मांडवी-जुवारीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. भरतीचा नमुना एका महिन्यात, ओहोटीचा दुसऱ्या महिन्यात घेतला तर दिसणारा फरक समुद्राच्या पाण्याचा असेल, प्रदूषणाचा नव्हे. भरती-ओहोटीची वेळ आणि क्षारता नोंदवल्याशिवाय तुलना करू नये. पावसाळ्याचे नमुने वेगळेच धरावेत.

शेवटी अर्थ लावताना घाई नको. एनडीएम-1 चं (कडक प्रतिजैविकं निकामी करणारं) जनुक सापडलं म्हणजे जिवंत, धोकादायक जीवाणू सापडला असं होत नाही. मेलेल्या पेशीचा डीएनएही वाचला जातो. ते जनुक कोणत्या जीवाणूत आहे हेही छोट्या तुकड्यांवरून सहसा ठरत नाही, कारण प्लाझ्मिडची, म्हणजे अशी जनुकं वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्याची, जोडणी तुटते. म्हणून प्लेटवर जीवाणू वाढवणं आणि क्यूपीसीआर (जनुकाच्या प्रती मोजणारी पीसीआर) सुटत नाही. ती जे आज कॉलेजात शिकतेय ते वाया जाणार नाही.

आता नोकरी. गोव्यात जागा मोजक्या आहेत: दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था), ताळगावचं विद्यापीठ, जुवारीनगरचं बिट्स. बहुतेक कामं प्रकल्पावरची, म्हणजे निधी संपला की नेमणूक संपली. हे घरी आधीच स्पष्ट सांगा. नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000 अधिक घरभाडं. पुणे, हैदराबाद, बंगळुरूला जायची तयारी असेल तर वाव वाढतो. एम.एस्सी.साठी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आणि गॅट-बी (बायोटेक्नॉलॉजीची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा), दोन्हींचा अभ्यास सुरू करू द्या. क्यूसी वाईट नाही. नोंदी ठेवायची शिस्त तिथे पक्की लागते. पण हा हट्ट मनापासूनचा असेल तर आधी एम.एस्सी. होऊ द्या.

एम.एस्सी.त प्रकल्प निवडताना तिने मार्गदर्शकांना एकच विचारावं: नमुन्यांबरोबर निर्जंतुक पाणी गाळलेला कोरा फिल्टरही सिक्वेन्सिंगला (डीएनए वाचायला) जातो का? डीएनए काढायच्या किटमध्येच जीवाणूंचा डीएनए असतो, आणि कोरा नमुना नसेल तर तो मांडवीच्या नावावर छापला जातो. उत्तर 'नाही' आलं तर दुसरा प्रकल्प बघावा.